प्रतिजैविकं जीवाणूच्या पेशीत शिरतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं प्रतिजैविक एका जीवाणूवर चालतं आणि दुसऱ्यावर अजिबात चालत नाही. असं का, हे विचारलं की बहुतेक जण औषधाच्या मारक शक्तीकडे बोट दाखवतात. पण लिनेझोलिड घ्या. हे औषध ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या रायबोसोमला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला) व्यवस्थित चिकटू शकतं, तरी धडधाकट ई. कोलायचं ते काही बिघडवू शकत नाही, कारण पेशीच्या आत त्याचा पुरेसा साठाच होत नाही. आत किती शिरलं आणि आत किती उरलं, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. पाठ्यपुस्तकांत हा भाग दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. तो तसा उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

प्रत्येक प्रतिजैविकाला पेशीच्या आत जावंच लागतं का?

नाही. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली सगळी बीटा-लॅक्टम औषधं पेशीभित्तिका बांधणाऱ्या एन्झाइमांना अडवतात. ही एन्झाइमं भित्तिकेच्या आतल्या पटलात (पेशीभोवतीच्या मेदाच्या पातळ पडद्यात) रोवलेली असतात, पण त्यांचा काम करणारा भाग पटलाच्या बाहेरच्या अंगाला असतो. त्यामुळे बीटा-लॅक्टमला पेशीद्रवापर्यंत जाण्याची गरज पडत नाही. व्हॅन्कोमायसिनही भित्तिकेच्या कच्च्या मालालाच बाहेरून धरून ठेवतं.

रायबोसोमवर काम करणारी औषधं (टेट्रासायक्लिन, जेंटामायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल), डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या एन्झाइमांवर काम करणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि आरएनए बनवणारं एन्झाइम अडवणारं रिफॅम्पिसिन यांना मात्र थेट पेशीद्रवात उतरावं लागतं. त्यांचा प्रवास जास्त लांबचा.

ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह हा फरक इथे कुठे येतो?

अगदी पहिल्याच पायरीवर. हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जांभळ्या रंगाची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती मुळात सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू नीट दिसावेत म्हणून होती. पुढे कळलं की या रंगाने जीवाणूंचे जे दोन गट पडतात त्यांची पेशीची आवरणंच वेगळी आहेत.

स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूला बाहेरून पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) जाड भिंत असते आणि तिच्या आत एकच पटल. भिंत जाड असली तरी तिची वीण सैल असते, बहुतेक औषधं तिच्यातून सहज जातात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास या ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंची भिंत पातळ असते, पण तिच्यावर आणखी एक पटल असतं. खरी अडचण आहे ती या बाहेरच्या पटलाची.

फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या निबंधातही याची खूण सापडते. पेनिसिलिनचा एक उपयोग त्यांनी असा सुचवला होता की नमुन्यातले इतर जीवाणू त्याने दाबून टाकायचे आणि ज्यांवर त्याचा परिणाम होत नाही तो इन्फ्लुएंझा बॅसिलस वेगळा काढायचा. हा बॅसिलस ग्रॅम निगेटिव्ह आहे.

हे बाह्यपटल एवढं अवघड का असतं?

साधं पेशीपटल फॉस्फोलिपिडांच्या दोन थरांचं असतं. मेदात विरघळणारे रेणू त्यातून हळूहळू का होईना, पार होतात. बाह्यपटलाचा आतला थर तसाच असतो, पण बाहेरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा असतो. या रेणूला मेदाच्या अनेक शेपट्या असतात, त्या एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या राहतात. वरच्या बाजूला ऋणभार असलेले फॉस्फेट गट असतात. एरवी त्यांनी एकमेकांना दूर ढकललं असतं, पण मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन मध्ये बसून त्यांना बांधून ठेवतात. त्याच्याही वर साखरेच्या साखळ्यांचं पाणीदार जंगल.

आता एरिथ्रोमायसिन किंवा रिफॅम्पिसिनसारखा मोठा, मेदप्रेमी रेणू इथे आला की त्याची दोन्हीकडून कोंडी होते. मेदातून जावं तर थर फार घट्ट, आणि पाण्याच्या वाटेने जावं तर ती वाट त्याच्या मापाची नाही.

पाण्याची वाट म्हणजे पोरिन का?

हो. जीवाणूलाही खायला लागतं. साखर, अमिनो आम्लं, क्षार आत यायला त्याने बाह्यपटलात प्रथिनांच्या नळ्या बसवलेल्या असतात, त्या म्हणजे पोरिन. एका ई. कोलाय पेशीवर त्या लाखाच्या आसपास असतात. १९७० च्या दशकात हिरोशी निकाइडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम मेदाच्या फुग्यांमध्ये ही प्रथिनं बसवून कोणते रेणू आत जातात ते तपासलं. ई. कोलायच्या बाबतीत ढोबळ मर्यादा निघाली ६०० डाल्टनच्या आसपास (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक).

या एका आकड्यावरून बरंच काही उलगडतं. पेनिसिलिन जी ३३४ डाल्टन, सिप्रोफ्लॉक्सासिन ३३१, टेट्रासायक्लिन ४४४, हे सगळे मापात बसतात. एरिथ्रोमायसिन ७३४, रिफॅम्पिसिन ८२३, व्हॅन्कोमायसिन जवळजवळ १४५०. व्हॅन्कोमायसिन ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंवर का वापरत नाहीत, याचं उत्तर त्याच्या वजनातच आहे.

मग आकार लहान असला की काम झालं?

नाही, आणि इथेच विषय खरा रंगतो. ओएमपीएफ नावाच्या पोरिनची त्रिमितीय रचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन नळ्या एकत्र जोडलेल्या, प्रत्येक नळीची भिंत १६ पट्ट्यांची. नळी मध्यावर अरुंद होते, तिथे तिची रुंदी जेमतेम १ नॅनोमीटर. त्या अरुंद जागी एका बाजूला ऋणभारित अमिनो आम्लं आणि समोरच्या बाजूला धनभारित अमिनो आम्लं आहेत. म्हणजे नळीला आडवं असं एक विद्युतक्षेत्र तिथे कायम असतं. त्यातून जाणाऱ्या रेणूला आपली अंगस्थिती त्या क्षेत्राशी जुळवून घ्यावी लागते. ज्याच्या अंगावर धन आणि ऋण असे दोन्ही भार आहेत, त्याला ते सोपं जातं. नुसता ऋणभार असेल, किंवा रेणू फार मेदप्रेमी असेल, तर अवघड.

याचं उत्तम उदाहरण ॲम्पिसिलिन. पेनिसिलिन जी आणि ॲम्पिसिलिन यांच्यात फरक एका अमिनो गटाचा. वजन जवळपास तेवढंच, पण त्या एका धनभारित गटामुळे ॲम्पिसिलिन पोरिनमधून बरंच सुलभ जातं. १९६१ मध्ये ते बाजारात आलं आणि पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाने ग्रॅम निगेटिव्ह जंतुसंसर्गावर उपचार करणं शक्य झालं.

सगळ्या जीवाणूंचे पोरिन सारखेच असतात का?

नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या बाह्यपटलाची पारगम्यता ई. कोलायपेक्षा १२ ते १०० पट कमी आहे. त्याच्याकडे ई. कोलायसारखे मोकळे पोरिन नाहीत. ठरावीक अन्नकणांसाठी ठरावीक वाटा आहेत. त्यातली ओपीआरडी ही वाट धनभारित अमिनो आम्लांची. इमिपेनेम हे बीटा-लॅक्टम नेमकं याच वाटेने घुसतं. स्यूडोमोनासने ही एक वाट गमावली की इमिपेनेम चालेनासं होतं, आणि रुग्णालयांत हे वारंवार दिसतं.

बाह्यपटल ओलांडलं की औषध पोचलं का?

बीटा-लॅक्टम पोचलं. पण पेशीद्रवात जाणाऱ्याला अजून आतलं पटल पार करायचं असतं, आणि त्याचा स्वभाव बरोबर उलटा. पोरिनला पाणीप्रेमी, भारित रेणू चालतात. आतल्या पटलातून निर्भार, काहीसे मेदप्रेमी रेणू जातात. एकाच औषधात या दोन्ही गोष्टी बसवायच्या, हेच औषध घडवणाऱ्यांचं खरं दुखणं आहे.

टेट्रासायक्लिन हे कोडं फार छान सोडवतं. ते मॅग्नेशियमशी जोडी जमवून भारित रूपात पोरिनमधून आत येतं. दोन पटलांच्या मधल्या जागेत ही जोडी सुटते, काही रेणू निर्भार होतात आणि आतल्या पटलातून झिरपतात. पेशीद्रवात पोचल्यावर मॅग्नेशियम पुन्हा भेटतं, रेणू पुन्हा जखडला जातो आणि त्यामुळे आत साठतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली फ्लुओरोक्विनोलोनंही भारित आणि निर्भार अशा दोन्ही रूपांत वावरू शकतात, म्हणून त्यांनाही दोन्ही पटलं पार होतात.

जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं तर खूप भारित असतात. ती आतल्या पटलातून कशी जातात?

त्यांची रीतच वेगळी. या औषधांच्या कुळाला अमिनोग्लायकोसाइड म्हणतात, आणि ती धनभारांनी भरलेली असतात. बाह्यपटलावर ती मॅग्नेशियमच्या आयनांना हुसकावून स्वतः त्या जागी बसतात. मॅग्नेशियमपेक्षा रेणू अवाढव्य, त्यामुळे घट्ट बांधणी विस्कटते आणि त्या फटीतून त्यांच्याच पुढच्या रेणूंना वाट मिळते.

आतल्या पटलावर दुसरी गंमत. श्वसन करणारा जीवाणू प्रोटॉन सतत बाहेर ढकलतो, म्हणून पटलाची आतली बाजू ऋण राहते. या ओढीने धनभारित औषध थोडं थोडं आत खेचलं जातं. आत पोचलेले पहिले रेणू रायबोसोमला चुका करायला लावतात. चुकीची बनलेली प्रथिनं पटलात जाऊन बसली की पटल गळू लागतं, आणि मग औषधाचा लोंढा आत येतो.

यातून दोन व्यवहारातल्या गोष्टी निघतात. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंमध्ये ही ओढ पुरेशी नसते, म्हणून अमिनोग्लायकोसाइड त्यांच्यावर निरुपयोगी. आणि सुस्तावलेले, वाढ थांबवलेले जीवाणूही अशाच कारणाने वाचतात. २०११ मध्ये प्रयोगशाळेत असं दाखवलं गेलं की अशा सुस्त ई. कोलायला मॅनिटॉलसारखी शर्करा दिली की पटलावरची ओढ परत येते, औषध आत जातं आणि जीवाणू मरतात. जीवाणूला खाऊ घालून मारण्याचा हा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो.

जीवाणू स्वतः होऊन औषध आत घेतो, असं कधी होतं का?

होतं, फसवलं तर. फॉस्फोमायसिन हा जेमतेम १३८ डाल्टनचा रेणू. ग्लिसरॉल-फॉस्फेट आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट आत आणणारे दोन वाहक ई. कोलायच्या आतल्या पटलात असतात, त्यांच्या पाठीवर बसून हे औषध आत येतं. दुसरा वाहक ग्लुकोज-६-फॉस्फेट आसपास असलं तरच भरपूर तयार होतो. म्हणून प्रयोगशाळेत फॉस्फोमायसिनची चाचणी करताना माध्यमात ते मुद्दाम घालावं लागतं, नाहीतर औषध आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतं. हे वाहक गमावलेला जीवाणू अर्थातच औषधातून सुटतो.

दुसरी वाट लोहाची. शरीरात मोकळं लोह जवळजवळ नसतं. ते मिळवायला जीवाणू सिडरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात. ते लोह पकडतात आणि खास दारांतून परत आत घेतले जातात. सेफिडेरोकॉल या औषधाला असाच लोह पकडणारा गट जोडला आहे. लोह घेऊन आलेलं हे औषध जीवाणू स्वतःची ऊर्जा खर्च करून आत ओढतो. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. याची चाचणीही लोह काढून टाकलेल्या माध्यमातच करावी लागते. कल्पना मात्र माणसाची नव्हे: स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जीवाणू आल्बोमायसिन नावाचं असंच लोहधारी प्रतिजैविक पूर्वीपासून बनवत आले आहेत.

कोलिस्टिन कसं काम करतं?

ते पटलंच फोडतं. कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या जागा बळकावतात, आपली मेदाची शेपटी पटलात घुसवतात आणि त्याची वीण उसवतात. प्रतिकार करायला जीवाणू लिपोपॉलिसॅकराइडच्या फॉस्फेटवर धनभारित गट चिकटवतो, की कोलिस्टिनला धरायला ऋणभारच कमी उरतो. हे काम करणारं एमसीआर-१ हे जनुक प्लाझमिडवरून (डीएनएच्या सुट्या कड्यावरून) एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, असं २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालं, तेव्हा काळजी वाटणं साहजिक होतं. कोलिस्टिन अनेकदा शेवटचा पर्याय असतो.

आत आलेलं औषध जीवाणू बाहेर फेकतो म्हणतात, ते कसं?

एफ्लक्स पंपांनी. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जीवाणू ते औषध ऊर्जा खर्चून बाहेर फेकतात, हे स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये दाखवलं. ई. कोलायचा सगळ्यात अभ्यासलेला पंप तीन भागांचा आहे: आतल्या पटलात एसीआरबी, मधला जोड एसीआरए, आणि बाह्यपटलातून बाहेर निघणारी टोलसी ही नळी. एसीआरबीची रचना २००२ मध्ये उलगडली. त्याचे तीन घटक आळीपाळीने औषध पकडतात, दाबतात आणि नळीत ढकलतात. औषध दोन पटलांच्या मधूनच उचलून थेट पेशीच्या बाहेर टाकलं जातं, म्हणजे परत यायचं तर पुन्हा बाह्यपटल आलंच.

निकाइडो यांनी ठासून सांगितलेला मुद्दा इथे समजून घ्यायला हवा. लहान बीटा-लॅक्टम ई. कोलायचं बाह्यपटल काही सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर पार करतात, आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दुभंगायला सुमारे २० मिनिटं घेतो. म्हणजे नुसत्या अडथळ्याने फार तर उशीर होईल, बचाव होणार नाही. भोक पडलेल्या बादलीत नळ बारीक सोडला तर पाणी साठत नाही, तसंच इथे होतं: वाट अरुंद असल्यामुळे औषध हळू येतं, आणि तेवढ्या वेळात पंप ते बाहेर काढतो किंवा बीटा-लॅक्टमेज एन्झाइम ते तोडतं. दोन्ही एकत्र असले की प्रतिकार जबरदस्त होतो. लिनेझोलिडचं हेच होतं. पंप काढून टाकलेल्या ई. कोलायवर ते चालतं.

औषधाच्या संपर्कात आल्यावर जीवाणू दारं बंद करतो का?

दोन प्रकारे. एक म्हणजे तात्पुरती बदललेली वागणूक. ई. कोलायमध्ये मारए नावाचं नियंत्रक प्रथिन वाढलं की ओएमपीएफ पोरिन कमी बनतो आणि त्याच वेळी एसीआर पंप जास्त बनतो. एकाच कळीने वाट अरुंद आणि पंप जोरात.

दुसरं म्हणजे कायमचं म्युटेशन. क्लेब्सिएलाचे मुख्य पोरिन गेले आणि त्याच्याकडे बीटा-लॅक्टमेज भरपूर असलं, तर कार्बापेनेम (इमिपेनेम, एर्टापेनेम यांचा गट) न तोडणारं साधं एन्झाइम असूनही एर्टापेनेम निकामी ठरू शकतं. याची किंमत जीवाणूला मोजावी लागते, कारण त्याच दारांतून अन्नही येत असतं.

क्षयाच्या जंतूचं काय?

तो दोन्ही गटांत नीट बसत नाही. त्याच्या भिंतीवर मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. या आम्लांत ६० ते ९० कार्बन अणू असतात. पाणीप्रेमी औषधांना तो फार हळू आत येऊ देतो. आयसोनियाझिड मात्र १३७ डाल्टनचा इवलासा रेणू, तो झिरपत आत जातो. आत जंतूचंच काटजी हे एन्झाइम त्याला कार्यक्षम रूप देतं, आणि ते रूप मायकोलिक आम्लं बनवणंच बंद पाडतं.

दोन औषधं एकत्र देण्यामागे हे कारण असतं का?

काही वेळा नेमकं हेच असतं. एन्टेरोकोकसमध्ये अमिनोग्लायकोसाइड एकटं नीट शिरत नाही. पेनिसिलिनने भित्तिका कमकुवत केली की ते कितीतरी जास्त आत जातं, हे १९७१ मध्ये दाखवलं गेलं. हृदयाच्या झडपांच्या अशा संसर्गात ही जोडी म्हणूनच वापरली जाते.

बाह्यपटल फक्त सैल करणारी औषधंही शोधली जात आहेत. पॉलिमिक्सिन बीची मेदाची शेपटी काढून केलेला रेणू स्वतः फारसा मारक नसतो, पण त्याच्या सोबतीने रिफॅम्पिसिन आणि एरिथ्रोमायसिन ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंवर चालू लागतात. हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. पंप अडवणारं औषध मात्र अजून एकही उपचारात आलेलं नाही.

मग डोस वाढवला तर?

बाहेरचं प्रमाण वाढलं की आत शिरणारं प्रमाणही वाढतं, हे खरं. पण ते शरीराला सोसायला हवं. अमिनोग्लायकोसाइड कान आणि मूत्रपिंडांना इजा करतात, कोलिस्टिन मूत्रपिंडांना. डोस स्वतःच्या मनाने कधीही वाढवू नका.

आत जाऊ शकणारं औषध मुद्दाम घडवता येतं का?

हा प्रश्न फार काळ अंदाजावर चालला होता. २०१७ मध्ये पॉल हर्गेनरोथर यांच्या गटाने १८० हून अधिक संयुगं ई. कोलायमध्ये किती साठतात ते थेट मोजलं. जीवाणू औषधात ठेवायचे, धुऊन घ्यायचे, फोडायचे आणि आतलं औषध मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं. त्यातून दिसलं की मोकळा अमिनो गट असलेले, ताठ आणि चपटे रेणू जास्त साठतात. मग त्यांनी फक्त ग्रॅम पॉझिटिव्हवर चालणाऱ्या डिऑक्सिनायबोमायसिनला एक अमिनो गट जोडला, आणि ते ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंवरही चालू लागलं. हे नियम सगळ्या जीवाणूंना लागू पडत नाहीत, स्यूडोमोनासचं गणित वेगळं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे बाह्यपटल बनूच न देणं. २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झालेलं झोसुराबॅलपिन ॲसिनेटोबॅक्टरमध्ये लिपोपॉलिसॅकराइड बाहेर वाहून नेणारी यंत्रणा अडवतं.

रिपोर्टमध्ये जीवाणू ‘सेन्सिटिव्ह’ आला, तरी औषध लागू पडलं नाही असं का होतं?

कारण चाचणी होते ती प्लेटवर, मोकळ्या जीवाणूंवर. शरीरात जीवाणू कुठे बसले आहेत यावर बरंच ठरतं. गळवाच्या आत ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते, तिथे अमिनोग्लायकोसाइड आत ओढलं जात नाही. गळू फोडून पू काढावाच लागतो.

टायफॉइडचे जंतू तर आपल्याच पेशींच्या आत राहतात. जेंटामायसिन प्लेटवर त्यांना मारतं, पण आपल्या पेशींमध्ये ते नीट पोचत नाही. म्हणून साल्मोनेला सापडला तर प्लेटवर काहीही दिसलं तरी अमिनोग्लायकोसाइड ‘सेन्सिटिव्ह’ असं रिपोर्टमध्ये लिहू नये, असा प्रयोगशाळांसाठी नियम आहे. तुमच्या रिपोर्टच्या यादीत असं एखादं औषध दिसलं नाही, तर ते राहून गेलं असं समजू नका.